बिनमिठाचा पाव

आखाडा बाळापूरपासून दोन कोसांवरच्या गावात संपतराव आणि कौशल्याबाई हे मेंढपाळ जोडपं राहायचं. संपतराव वर्षातले आठ महिने मेंढरांमागं रानोमाळ हिंडायचे. घर, शेत आणि दोन लेकरं कौशल्याबाईंनीच सांभाळली. पुढं थोरला शिवहार बायकोला घेऊन कळपामागं जाऊ लागला. धाकटी राधिका नर्सिंग शिकून पुण्याच्या एका दवाखान्यात लागली. आता कुठं दोघांना एका चुलीपाशी बसायला सवड मिळाली होती, आणि त्याच उन्हाळ्यात, दोन हजार सहा साली, कौशल्याबाईंच्या जिभेच्या कडेला फोड आला.

फोड बरा होईना. नांदेडच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी दोघांना समोर बसवून विचारलं, "बाई मिसरी लावतात का?"

"व्हय," संपतराव म्हणाले. "लग्नाच्या आधीपासून."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि निदान सांगितलं. कॅन्सर होता. मिसरीसाठी तंबाखू दर आठवडी बाजारातून संपतरावच आणायचे; रानात असले की कुणाच्या तरी हाती धाडायचे. तीस वर्षं कौशल्याबाईंना ती कधी सांगावी लागली नव्हती. परतताना एसटीत ते गाव येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले.

सव्वा महिना नांदेडलाच लाइट दिली, म्हणजे किरणांचा उपचार केला; सुरुवातीचे चार दिवस राधिका सोबतीला येऊन राहिली. तोंड आतून सोलवटून निघालं, थुंकी आटली. ज्या बाईच्या भाकरीचा पापुद्रा बघायला शेजारणी यायच्या, तिला भाकरीचा घास गिळेना. पेज आणि दूध पिऊन ती कंटाळली. बाळापूरच्या बेकरीचा पाव दुधात भिजवून दिला, तर त्याची तपकिरी पाठ तोंडात टोचायची आणि आतल्या मिठानं जिभेची आग व्हायची. संपतराव पाठ सोलून द्यायचे. तरी दोन घासांनंतर त्या वाटी सरकवायच्या.

दसऱ्याला राधिका आली. तिनं पिशवीतून लाल, लिबलिबीत, लांबट भांडं काढलं.

"हे काय, रबराचं?" संपतरावांनी विचारलं.

"सिलिकॉनचं आहे, आबा. आमच्या डॉक्टर मॅडम यात घरी पाव करतात. त्यांची तक्रार असते, यात पावाला बाजूनं रंग चढत न्हाई, कड मऊच राहते म्हणून. मी म्हणलं, आईला तसाच पायजे."

"चुलीवर ठेवलं तर वितळून जाईल की."

"आगीवर ठेवायचं न्हाई. पातेल्यात वाळू तापवा, तिच्यावर तिवई, तिवईवर ताटली, आन् ताटलीवर हे. वरून झाकण. उचलताना ताटलीसकट उचला, न्हाईतर मधेच वाकतं."

तिनं एकदा करून दाखवला. दुसऱ्या दिवशी तिची रजा संपली.

संपतरावांनी जन्मात कणीक मळली नव्हती. पहिल्या पावाला त्यांनी कढत पाणी घातलं. पीठ फुगलंच नाही, विटेसारखा गोळा झाला. दुसऱ्या वेळी तिवई विसरून भांडं थेट वाळूवर ठेवलं, तर पाव खालून कोळसा झाला. ते सायकल काढून बाळापूरच्या बेकरीवाल्याकडं गेले. बेकरीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं, कागदाच्या पुडीत पीठ फुगवायचं ताजं खमीर बांधून दिलं आणि म्हणाला, "चच्चा, गरम पानी में खमीर मर जाता. उंगली कू सोसे इत्ताच कोमट लेव. और आटे कू घाई नक्को करो."

कौशल्याबाईंचं बोलणं आता घरच्यांनाही नीट कळत नसे. त्या खांबाला टेकून बसायच्या आणि हातानं सांगायच्या: अजून मळ, पाणी पुरे, जाळ कमी कर. एकदा मळताना पीठ कोपरापर्यंत चिकटलं, तेव्हा त्या हसल्या आणि हसण्यानं तोंड दुखलं म्हणून रडल्या. संपतराव तसेच चिकटलेल्या हातांनी त्यांच्यासमोर बसून राहिले.

चौथा पाव जमला. फिकट, कापसासारखा, कड कुठंच टणक नाही. मीठ त्यांनी घातलंच नव्हतं. दुधात बुडवलेले आठ घास कौशल्याबाईंनी खाल्ले. त्या दिवशी त्यांना दुपारी झोप लागली.

पुढं दिवाळी गेली, थंडी पडली. दिवसाआड पाव व्हायचा. आठाचे पाच घास झाले, पाचाचे दोन. मग दूधही उतरेना. तेव्हा संपतरावांनी पीठ मळणं थांबवलं, तर कौशल्याबाईंनी चुलीकडं बोट केलं.

"कोण खाईल? काहून करायला सांगतीस?"

त्यांनी पुन्हा बोट केलं. पाव झाल्यावर त्यांनी तो कोमट असतानाच दोन्ही हातांत घेतला, नाकाशी धरला आणि निवेपर्यंत धरून ठेवला. मग रोज तसंच. पौषातल्या एका सकाळी पाव ताटलीत निवत होता, संपतराव तो घेऊन वळले, आणि कौशल्याबाई गेल्या होत्या.

राधिका पुण्याहून पोचली तेव्हा माती होऊन गेली होती; शिवहार कळप सोडून आधीच आला होता. शेजारच्या धुरपताबाईंनी पिठलं-भाकरी आणली. राधिकेनं ताट बाजूला सारलं. फडक्याखाली पाव दिसला तसा तिनं त्याचा तुकडा मोडला आणि चावत राहिली.

"यात मीठ न्हाई, आबा."

"तिला झोंबायचं."

उरलेला पाव फडक्यात गुंडाळत ते म्हणाले, "पोरी, तंबाखू मीच आणून देत होतो. दर बाजारी. तिनं मागितली सुदा न्हाई कधी."

राधिकेनं घास गिळला. "आई मला नांदेडला म्हणली होती. बोलता येत होतं तवा. म्हणली, तुझा बाप तंबाखूचं मनाला लावून घेऊन राहिलाय. त्याला म्हणावं, बाजारातून तेवढंच एक माझ्यासाठी न सांगता यायचं, मला त्याचं बरं वाटायचं."

"मग सांगितलं न्हाईस."

"मला वाटलं, ती सोताच सांगल."

संपतराव उठून अंगणात गेले. शिवहार मागोमाग निघाला, तर राधिकेनं त्याला हातानं थांबवलं.

तेरावं झाल्यावर राधिकेनं त्यांना पुण्याला चला म्हणून पुष्कळ विनवलं. ते नाही म्हणाले. बेकरीवाला भेटायला येऊन गेला, जाताना सवयीनं खमिराची पुडी ठेवून गेला. ती तशीच कडक होऊन गेली. आठ दिवसांनी घराला कुलूप लावून संपतराव शिवहारच्या कळपाबरोबर सिद्धेश्वरच्या धरणाकडं निघाले. सून पुढं, मधे मेंढरं, आणि सगळ्यात मागं ते, एका लंगड्या मेंढीच्या चालीनं चालत. शिवहारनं दोनदा वळून हाक मारली. त्यांनी हात वर केला, पण चाल काही वाढवली नाही.