आईचं हिरवं लुगडं आणि खळ्यातली दंडार

तुमच्या शहरात नाचाला एक घर, नाटकाला दुसरं आणि गाण्याला तिसरं, असं तुम्ही नातवंडांनी पत्रात कळवलंत. आमच्या लहानपणी लोक कुठे जात, असंही विचारलंत. अमरावतीच्या व्यापाऱ्यांकडे गाणाऱ्या बाईची ‘बैठक’ होई. जत्रेत तमाशाचा ‘फड’ लागे. आमच्या अकोटजवळच्या गावात मात्र दंडार, म्हणजे सोंगं घेऊन केलेला नाचगाण्याचा खेळ, होई, आणि तिची जागा म्हणजे आमच्या घरामागचं खळं. दिवसा तिथे ज्वारी मळायची, दिवेलागणीला त्याच जमिनीवर पाणी शिंपडून ढोलकी वाजवायची.

दंडारीत बायांची कामं पुरुषच करत. त्यांना लागणारी लुगडी गावातल्या घराघरांतून मागून नेत. बायका खाली खळ्यात बसत नसत. आमचं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. शेजारपाजारच्या साऱ्या जणी शिडीने वर चढत आणि तिथून पाहत. नाचणाऱ्याच्या पायांपेक्षा त्यांचं लक्ष लुगड्यांकडे असे. “पाह्य वं, माहं लुगडं कसं गरगर फिरून राह्यलं,” असं एकीने म्हटलं की दुसरी म्हणे, “फिरन नाई तं काय, तुह्यासारखं चुलीपाशी बसन?”

तिकडे अमेरिकेत लढाई चालली होती, तिथला कापूस अडला होता आणि विलायतेला आमचा कापूस हवा होता. वडील अकोल्याला कापूस विकून आले, ते आईसाठी रेशमी काठाचं हिरवं लुगडं घेऊन. आईने ते दंडारीसाठी घडी न मोडता ठेवून दिलं. दंडारीच्या दिवशी तिने सकाळीच शिडी धुऊन काढली. आपलं लुगडं नाचताना पाहायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

पण वडिलांनी अमरावतीच्या बैठका पाहिल्या होत्या. दोन व्यापारी पाहुणे यायचे होते, म्हणून त्यांनी खळ्याभोवती कापडी पडद्यांची कनात लावली आणि वर कापडी चांदवा ताणला. आई धाब्यावर जाऊन पाहून आली. वरून पाहिलं तर खाली नुसतं पांढरं कापड.

“अवो, आमी काय पाह्यचं?” तिने विचारलं.

“आइकू येते ना समदं. मोठ्या लोकाइकडं असंच रायते,” वडील म्हणाले.

संध्याकाळी राधा होणारा आमचा शेजारी दारात आला. दिवसभर नांगर धरणारा गडी, मिशा नुकत्याच काढलेल्या. “वयनी, लुगडं द्या ना. लोकं येऊन राह्यले.”

आई भाकरी थापत होती. “एवढी मोठी कनात हाये ना, तिले नेसवा.”

“ती नाचत नाई न, वयनी.”

वडील आत आले. “काहून रुसली वं?”

“रुसली नाई. मले दिसन तं लुगडं भायेर जाईन. नाई तं पेटीत बरं हाये.”

शेजारच्या घरी विचारणं झालं. तिथली बाई म्हणाली, वयनीचं निघालं की माझंही निघेल. तिसऱ्या घरीही तेच. पाहुणे येऊन बसले होते, ढोलकीवाला उगाच थाप देऊन पाहत होता, आणि राधा धोतरावर उभी होती. वडील थोडा वेळ अंगणात फिरले. मग त्यांनी गड्यांना चांदव्याच्या दोऱ्या सोडायला सांगितल्या. कनात राहू दिली, कारण पाहुण्यांसमोर काहीतरी उरायला हवं होतं.

आई हात धुऊन उठली, लुगडं दिलं आणि मला पुढे घालून शिडी चढली. मशालीच्या उजेडात हिरवं लुगडं गिरकी घेऊ लागलं. शेजारणी काहीबाही बोलत होत्या. माझा हात मात्र आईने ढोलकीच्या ठेक्यावर हलकेच दाबत ठेवला होता. पुढे तुमच्या आजोबांबरोबर मी मोठ्या शहरांत नाटकगृहं पाहिली, मखमली खुर्च्यांवर बसले. तसा हात पुन्हा कोणी धरला नाही.

सकाळी लुगडं परत आलं. काठाला खळ्याची काळी माती लागली होती. आईने ती झटकली नाही. तेच लुगडं नेसून ती विहिरीवर पाण्याला गेली.