पंचावन्नचा वारा

गोजरबाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण समुद्रावरच्या वाऱ्याचा आकडा रोज सकाळी त्यांच्या कानावर पडायचा. थोरला शिवशंकर सडकेच्या कामावर कोकणात गेला आणि तिकडंच मासेमारीच्या लाँचवर खलाशी म्हणून राहिला. तेव्हापासून भाकरी थापताना रेडिओ चालू. मच्छिमारांसाठीचा इशारा लागला की तव्यावरची भाकरी करपली तरी चालेल.

वारा त्यांना नवा नव्हता. खळ्यात तिवईवर उभं राहून, सूप वर धरून तीस वर्षं धान्य उपणलेलं. कुठल्या वाऱ्यानं नुसतं भूस उडेल आणि कुठल्यानं दाणाही जाईल, हे त्यांना पदराच्या हालण्यावरून कळायचं. आकड्यातला वारा मात्र कळत नव्हता.

अठ्ठ्याण्णव सालच्या ऑक्टोबरात एका सकाळी रेडिओवर सांगितलं : दुपारनंतर किनाऱ्यालगत ताशी पंचावन्न किलोमीटरपर्यंत वारे, समुद्र खवळलेला राहील, होड्या बाहेर काढू नयेत. शिवाची लाँच बाराला सुटायची होती.

दीर तातेराव अंगणात आपली राजदूत फटफटी पुसत होते.

"भाऊजी, पंचावन्न म्हंजी केवढा वारा?"

"काहून? फोन करा न पोराला, जाऊ नको म्हणा."

"नाक्यावरून दोनदा केला. हसून राहिला. तुला काय समजतंय समुद्राचं, म्हणला. आकडा त्याच्या मालकालाबी माहीत हाय. आकड्याला कोण भितंय?"

तातेरावांनी गाडीच्या वेगाच्या तबकडीवर बोट ठेवलं. "हे बघा, इथं पंचावन्न."

"मंग दाखवा मला."

"वहिनी, याड लागलं का? गाव हासंन!"

"गावाचं लेकरू न्हाई लाँचवर."

गोजरबाई काष्टा आवरून दोन्हीकडं पाय टाकून मागं बसल्या. हातात सूप. वाशिमच्या सडकेवर झाडाचं पान हलत नव्हतं. तातेराव ओरडून आकडे सांगू लागले. चाळिसाला पदर ताठ झाला. पन्नासला डोळ्यांतून पाणी आलं.

"पंचावन्न! धरा नीट!"

त्यांनी सूप उपणल्यासारखं वर धरलं, आणि कुणी हिसकावून घ्यावं तसं ते गेलं. मागं सोयाबीनच्या रानात कुठंतरी पडलं.

"थांबू का?"

"न्हाई. फोनवर चला."

नाक्यावरच्या बूथवरून मालकाच्या घरी फोन लावला. शिवा आला, तो घाईतच. "आई, लाँचवर जाळं भरून राहिलो. मालक म्हणतो, एवढ्या वाऱ्यात जातातच लोक."

"शिवा, मी पंचावन्नच्या वाऱ्यात सूप धरून पाहिलं, काकाच्या गाडीवर. हातातून गेलं रे."

पलीकडं हसू आलं, मग थांबलं. खळ्यात दिवसभर आईनं सूप कसं धरलेलं असायचं, ते त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं.

"एका हातानं धरलं होतं?"

"दोन्ही हातांनी."

"आज जात न्हाई, पाय मुरगळला म्हणून सांगतो मालकाला. मालक रागावंल."

"रागावू दे. उद्या याच टायमाला इथं फोन कर."

परत येताना तातेरावांनी गाडी तीसच्या वर नेली नाही. सूप शोधायला थांबले, तर गोजरबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी त्या तासभर आधीच बूथच्या बाकड्यावर येऊन बसल्या. फोन वाजला तेव्हा बूथवाल्याच्या आधी त्यांनी उचलला.

"आई," शिवा म्हणाला, "सूप सापडलं का?"