नानांच्या शब्दांची पहिली फाईल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी ऑफिसात कोण कुणाशी बोलत नाही इथपर्यंत सगळं सांगत असते. हे मात्र राहिलं. तुम्हाला सांगते.

तसं आमचं छान चाललंय, यार. करोल बागेतलं घर, मानेसरच्या फॅक्टरीत कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी, जायला-यायला कंपनीची बस, घरी आलं की नानांच्या हातचा चहा. नाना म्हणजे माझे सासरे. सेंट्रल गव्हर्नमेंटमधून रिटायर झाले, पण संध्याकाळचे साडेपाच वाजले की उठून खोलीतली सगळी बटणं बंद करायची सवय काही गेली नाही. पंखा, दिवा आणि — कॉम्प्युटर. थेट भिंतीवरून.

तो जुनाट कॉम्प्युटर मीच लिनक्स टाकून त्यांना दिला होता. त्यावर ते शब्द जमवत. झालं असं, की आमची मुक्ता लहानपणी म्हणाली, 'आजोबा, हे फूल सुंघा ना', आणि तो हिंदी शब्द ऐकून नाना हिरमुसले. तेव्हापासून दिल्लीतल्या मराठी मुलांच्या तोंडातून हरवलेले शब्द — हुंगणं, रोवळी, फडताळ, लगबग — आणि प्रत्येकाखाली त्यांचं स्वतःचं एक वाक्य. दोन वर्षं, एका बोटाने. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

एका रविवारी सकाळी कॉम्प्युटर अर्ध्यातच अडकला. काळ्या स्क्रीनवर ओळी — डिस्क तपासून दुरुस्त करा. नाना माझ्या मागे येऊन उभे राहिले. "अगं, शब्द आहेत ना?"

"बिल्कुल आहेत, नाना. दहा मिनिटं द्या."

आणि होतेच. मी त्या काळ्या स्क्रीनवरूनच फाईल उघडून पाहिली होती, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. तेव्हाच कॉपी घ्यायची होती. फॅक्टरीत नव्या लोकांना मी हेच बजावते — आधी कॉपी, मग दुरुस्ती, आणि डिस्क वापरात असताना तर हातसुद्धा लावायचा नाही. मग का नाही घेतली? पेन ड्राइव्ह आतल्या खोलीत होता म्हणून? छे. नाना बघत होते आणि मला चुटकीसरशी करून दाखवायचं होतं. एवढंच.

मी दुरुस्तीची कमांड दिली. स्क्रीनने विचारलंही — डिस्क वापरात आहे, पुढे गेलात तर मोठं नुकसान होईल, नक्की जायचं? मी हो म्हटलं. मग ती विचारत गेली आणि मी न वाचता हो-हो करत गेले. संपलं तेव्हा फाईल नव्हती. नुसत्या आकड्यांच्या नावाचे तुकडे, आणि आत कचरा.

"काय झालं गं?"

किती पटकन आलं माझ्या तोंडात — "नाना, तुम्ही भिंतीवरून बंद करता ना, त्यानेच गेलं सगळं."

बिघाड त्याने झाला असेल. शब्द त्याने गेले नव्हते. ते मी घालवले.

नाना "अच्छा" म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. आठवडाभर त्या खुर्चीकडे फिरकले नाहीत. मग एके सकाळी स्विचबोर्डवर चिठ्ठी दिसली, 'आधी शट डाऊन', आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मला फार आनंद झाला — खरंच झाला. त्या आनंदात सांगायचं टळलं, आणि टळतच गेलं.

आता संग्रह पूर्ण झालाय, पहिल्याहून मोठा. मराठी मंडळ पुस्तक काढतंय. नाना दिवसभर गुणगुणत असतात, घर कसं प्रसन्न असतं. मागच्या आठवड्यात त्यांचं बोट दुखत होतं, म्हणून प्रस्तावना त्यांनी सांगितली आणि मी टाईप केली. शेवटचं वाक्य होतं, 'या संग्रहाची पहिली प्रत माझ्या हलगर्जीपणामुळे नष्ट झाली, त्याबद्दल मी वाचकांची क्षमा मागतो.'

"नीट झालंय ना गं वाक्य?" त्यांनी विचारलं.

"छान झालंय, नाना," मी म्हटलं, आणि सेव्ह केलं. काल ते छपाईला गेलं.