दवाईचा चेहरा

सौंदडहून सकाळच्या गाडीनं काका आमगावला आले, मी शिकवते त्या शाळेच्या फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "पोरी, आपली कमल गेली..." माझी धाकटी बहीण. आत वर्गात मुली पाढे म्हणत होत्या. मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून गेलेला नाही.

कमलच्या पोटात डाव्या बाजूला लहानपणापासून गोळा होता. आमचा भाऊ त्याच दुखण्यानं गेलेला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोष जन्मजात आहे, अंगात जिरायला हवी ती चरबी पानथरीत, म्हणजे प्लीहेत, आणि हाडांत साठत जाते, इलाज नाही. तरी हाडांच्या ठणक्यासाठी कॉर्टिसोनच्या नव्या गोळ्या देऊन पाहू म्हणाले, आणि "मनानं बंद करू नका" असं बाबांना दोनदा बजावलं. ठणका निवला, भूक लागली, थोड्याच दिवसांत तिचा चेहरा पुरीसारखा टम्म झाला. पोटातला गोळा होता तिथंच होता, पण तो लुगड्याआड. "पोरगी सुधरून राहिली," म्हणत बाबांनी कोहमाऱ्याकडचं स्थळ आणलं.

मुलाच्या आईनं तिची हनुवटी धरून कौतुक केलं. कमल शांतपणे म्हणाली, "मावशी, हा चेहरा दवाईचा हाये, माहा नाही. माहा भाऊ ज्या दुखण्यानं गेला, तेच मले हाये." पोहे बशीतच राहिले. पाहुणे उठून गेल्यावर बाबा ओरडले, "काऊन बोललीस व?"

"त्यायनं कायले फसावं, बाबा?"

दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद झाल्या. "आता कोणाले दाखवाचं हाये?" असं बाबा म्हणाले, हे आईनं मला मागाहून सांगितलं. ओकाऱ्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले, वैद्यानं पित्त म्हटलं... आठवडाही निघाला नाही. गोळ्यांत असतो तसाच रस शरीर एरवी स्वतः करतं, पण गोळ्या घेताना ते तो करायचं विसरतं, त्या एकदम तोडल्या की माणूस कोसळतो, असं नागपूरचे डॉक्टर मला नंतर सांगत होते. दुखण्यानं तिला कधीतरी नेलंच असतं. त्याला आम्ही तेवढीही सवड दिली नाही. दिवसांना आलेल्या बाया आईला विचारत होत्या, "एवढी भरलेली पोर गेली कशी?"

दुखरा पाय लांब करून, ओसरीच्या भिंतीला टेकून कमल तांदूळ निवडत बसायची. तिच्या पाठीनं तिथली माती गुळगुळीत झाली आहे. परवा आईनं भिंती सारवल्या, तेवढा तुकडा सोडला. बाबा आता तिकडे पाठ करून जेवतात.