आत्या नातं काढते

आमच्या आत्याला एक खोड आहे. दारात कोणीही येवो, मीटर बघणारा, भांडी विकणारा, रस्ता चुकलेला, ती त्याचं नातं काढते. गाव कोणतं, कोणाचा कोण, मामा कुठचे, आणि शेवटी "लग्न झालं का?" लहानपणापासून मला याची इतकी लाज वाटायची की पाहुणा दिसला की मी आतल्या खोलीत पळायची.

त्या उन्हाळ्यात मोर्शीकडे असं वादळ सुटलं की आमच्या घरावरची टिनं पाखरांसारखी उडाली. एक तर शेजाऱ्यांच्या संत्र्याच्या झाडावर जाऊन असं ऐटीत बसलं, जसं काही त्यांनीच बोलावलं होतं. आम्ही ताडपत्रीखाली राहत होतो. नव्या टिनांपुरते पैसे बाबांच्या खात्यात होते, त्यापलीकडे काही नव्हतं, आणि पावसाळा तोंडावर आला होता.

अशात एक पोरगा आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र.

"काका, आपली नुकसानभरपाई मंजूर झाली आहे. आपल्या मोबाईलवर आलेला ओटीपी तेवढा सांगता का?"

बाबा विरघळलेच. आमच्या वऱ्हाडात इतकं गोड कोणी बोलतं का हो? इथं जीव लावणारासुद्धा "मरतं का बे उन्हात?" असंच विचारतो. बाबा चष्मा शोधू लागले. मी ओरडले, "बाबा, सांगू नका! खातं साफ होईल!"

"तू चूप बस! भलं होऊन राहिलं तं मधात तोंड घालते!"

तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली. माझं लग्न जमवायचा विडा तिनं उचललेला होताच. पोराला पाहून तिचे डोळे चमकले. झालं!

"कोण्या गावचा रे बाप्पा तू?"

"पातूर."

"अवं माय! पातूरले तं माह्या नणंदेचं घर आहे! कोणाचा तू?"

त्यानं घाईघाईत एक आडनाव सांगितलं.

"शाळेजवळचे का?"

"हो, शाळेजवळचे."

"मंग तुया आजोबाच्या तेरवीले मी जेवून आली की! मामा कुठचे तुये?"

"मूर्तिजापूर."

आत्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "त्या घरची सून तं अकोल्याची. मंग तुया मामा मूर्तिजापूरले कावून गेला? थांब, नणंदेलेच व्हिडिओ कॉल लावू. तुले पाहून खुश होईन बिचारी."

पोरगा घामाघूम. "साहेबांचा फोन येतोय," म्हणत तो जो बाहेर पडला, तो थेट गाडीला किक मारूनच थांबला. आत्या चहाची कपबशी घेऊन फाटकापर्यंत मागे धावली. "अरे, लग्न तं झालं नाही ना तुयं?"

बाबा चष्मा हातात धरून खाली बसले. "बाई," ते आत्याला म्हणाले, "घर वाचवलं तू."

आत्याला त्याचं काही नव्हतं. "पोट्टा दिसाले बरा होता," ती चार दिवस हळहळत होती. मी तिला मिठीच मारली, तर म्हणे, "सोड, पोळी जळून राहिली!"

पुढे खरे पंचनामेवाले आले. त्यातल्या एकाचं नातं पणजोबापर्यंत बरोबर निघालं, पण तो दोन लेकरांचा बाप निघाला. घरावर नवी टिनं बसली. आता भरपाई, बक्षीस, लॉटरी असा कोणताही फोन आला की बाबा तो सरळ आत्याच्या हातात देतात. अजून एकही जण मामाच्या गावापर्यंत टिकलेला नाही.