पापडांच्या ओळीत पोर्तुगीज

पुण्याच्या ऑफिसात मी दिवसभर पोर्तुगीज बोलते. हेडफोनच्या पलीकडे लिस्बनचं कुणीतरी असतं, त्यांचं पार्सल कुठेतरी अडकलेलं असतं, आणि मी ते शोधून देते. ही भाषा माझ्या तोंडात बसली ती वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या आमच्या गच्चीवर, उडदाच्या पापडांत, हे इथे कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं म्हटलं तर फार सांगावं लागेल.

पुण्याला यायच्या आधीच्या उन्हाळ्यात माझी पोर्तुगीजची तोंडी परीक्षा होती. लेखी आधीच झाली होती. तोंडी पास झाले तर पुण्याची नोकरी, नाहीतर वर्ध्यातच काहीतरी बघायचं, असं घरात ठरलं होतं. म्हणजे बाबांनी ठरवलं होतं, आईला कुणी विचारलं नव्हतं.

लिहायला मला कधीच अडचण नव्हती. बोलायला होती. शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून गप्प बसायचं आणि गल्लीत माझी वऱ्हाडी पुस्तकी निघते म्हणून गप्प बसायचं, अशी मी वाढले. ऑनलाइन शिकवणाऱ्या गोव्याच्या मॅडमनी ते लगेच ओळखलं. "तू क्रियापदापर्यंत येतेस आणि थांबतेस," त्या म्हणाल्या. "काय दिलं, कुणाला दिलं, ते गिळून टाकतेस."

आमच्या घरी नुसतं 'दे' म्हटलं तरी आईला कळतं. पोर्तुगीज क्रियापदाला असं एकटं सोडता येत नाही. काहींना कर्म थेट लागतं. काहींना मध्ये एक छोटा शब्द हवा असतो, आवडण्याला तर हवाच. 'ते' आणि 'मला' एकत्र आले की दोघांचा मिळून एकच 'मु' होतो आणि क्रियापदाच्या शेपटीला चिकटतो. वाक्यात 'नाही' आलं की तोच 'मु' टुणकन उडी मारून क्रियापदाच्या आधी जाऊन बसतो. कागदावर मला हे फार आवडायचं. बोलताना मात्र उडी मारायच्या आधीच माझं वाक्य तुटायचं.

आमच्या गल्लीत पापड एकेकीच्या घरी ओळीने होतात. ज्या घरचे पापड, तिथे सगळ्या बायका पोळपाट-बेलणं घेऊन जातात, आणि लाटलेले पापड उचलून वाळत घालायचं काम त्या घरच्या मुलीचं. आमची पाळी आली तेव्हा ऊन चढायच्या आत सगळ्या गच्चीवर बसल्या होत्या. मी पापड उचलत होते आणि तोंडातल्या तोंडात वाक्यं म्हणत होते.

"काऊन वं, का मंतर म्हणून राह्यली?" रोहण्याच्या काकूंनी विचारलं. शेजारच्या घरातल्या या काकूंचं माहेर रोहण्याचं, म्हणून सगळी गल्ली त्यांना तेच म्हणते.

"परीक्षा हाये तिची," आई म्हणाली. "पोर्तुगीज. पण बोलाले लाजते."

काकूंनी लाटलेला पापड उचलून हातातच धरला. "मांग मंग. त्याच भाषेत मांग."

सगळ्यांची बेलणी थांबली. मी पुटपुटले, "दे-मु."

"आयकलं का? काकूले 'दे' म्हणते हे पोट्टी! 'द्या' म्हणाव," काकू बाकीच्यांना म्हणाल्या.

"तिकडे तेच मानाचं आहे, काकू," मी घाईघाईने म्हटलं. "ते मला द्या, असं."

"ते म्हंजे का? पापड का बेलणं? पुरं बोल. आन् मोठ्यानं, त्या परीक्षेवालीले आयकू गेलं पाह्यजे."

मी पूर्ण वाक्य म्हटलं. पापड मिळाला. मग तो नियमच झाला. मागितल्याशिवाय कुणी पापड देईना, आणि हळू मागितलं तर "आयकू नाई आलं" म्हणून परत मागायला लावत. एका काकूंनी मुद्दाम फाटलेला पापड पुढे केला. मी विचार न करता म्हणाले, "नाउं मु दे." हा मला देऊ नका. 'मु' बरोबर क्रियापदाच्या आधी जाऊन बसला होता.

"फाटक्याले नाई म्हणते!" त्या म्हणाल्या. "सासरी बी अशीच राहजो!"

मी इतकी मोठ्याने हसले की आईने वळून पाहिलं.

नंतरचे काही दिवस ज्यांची पाळी असेल त्यांच्या घरीही पापड उचलायला मीच गेले. आईच घेऊन जायची.

परीक्षा घरूनच, ऑनलाइन होती; त्या दिवशी सकाळी आवाज नको म्हणून आईने मिक्सर लावला नाही, कुकरही नाही. पडद्यावरच्या परीक्षक बाईंनी विचारलं, तुमच्याकडे सगळे मिळून कोणतं काम करतात? मी क्रियापदापर्यंत आले आणि थांबले. आणि मग, जशी कुणी समोर पापड हातात धरून बसली आहे आणि पुरं बोलल्याशिवाय सोडणार नाही, तसं पुढचं आलं. त्या मला ते देतात, मी ते उन्हात ठेवते. सगळ्या शेपट्या जागच्या जागी. बाई म्हणाल्या, पापड म्हणजे काय? मी त्यांना तेही सांगितलं, त्यांना वेळ संपल्याचं सांगावं लागेपर्यंत.

निकाल दुपारी आला. आईने भिंतीवरून हाक मारली, "पास झाली वं पोरगी!"

"मंग, जाते का पुण्याले?" पलीकडून काकूंचा आवाज आला.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलवरचा निकाल परत वाचू लागले. संध्याकाळी बाबा यायच्या आधी पाहते तर आई स्टुलावर चढून माळ्यावरची मोठी बॅग खाली काढत होती. "धर," ती म्हणाली. मी खालून बॅग धरली. मग तिने पदराने बॅगेवरची धूळ पुसली, चेन उघडून चालते का ते दोनदा पाहिलं, आणि बॅग माझ्या पलंगावर ठेवून चहा ठेवायला गेली.