जाईच्या पानाभोवतीचं कडं

घरात तिला सगळे उकळबाई म्हणत. नोकरी प्रयोगशाळेत, जंतू वाढवायच्या काचेच्या ताटल्या तयार करायची. तिथे चिमट्यापासून पाण्यापर्यंत सगळं आधी वाफेच्या मोठ्या भांड्यातून काढायचं. ती सवय तिने घरीही आणली. चमचे उकळ, रुमाल उकळ. नवरा म्हणायचा, "एक दिवस मलाही टाकशील पातेल्यात!"

अशात सासूबाईंचं तोंड आलं. जीभ, गाल, आतून नुसतं सोलवटलेलं. डॉक्टरांचं मलम चालू होतं, पण घास काही उतरेना. म्हातारी वाळत चालली. "या आठवड्यात खाल्लं नाही, तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल," असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी घरी येऊन खिडकीतल्या कुंडीकडे बोट केलं. जाईची पानं वाटून लाव, एवढंच त्यांचं मागणं.

कच्चं पान? उघड्या जखमेवर? उकळबाईच्या अंगावर काटा आला. पण म्हातारीचं मन मोडवेना, म्हणून तिने पानं वाटली आणि खदखदा उकळून मग लावली. फरक शून्य.

"मेलं ते. उकळलंस ना?" सासूबाई कशाबशा पुटपुटल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

झालं! उकळबाईचं डोकं फिरलं. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष. सासूबाईंच्या फोडावरून कापूस फिरवून घेतला, पानं पिशवीत टाकली आणि प्रयोगशाळेतल्या मॅडमना विचारून ताटली मांडली. कापसावरचे जंतू तिच्यात पसरले, वर कागदाच्या दोन टिकल्या ठेवल्या. एक कच्च्या रसात बुडवलेली, एक उकळलेल्या.

सकाळी झाकण उचललं आणि ती जागीच खिळली. उकळलेल्या टिकलीला जंतू अगदी खेटून दाटले होते. कच्च्या टिकलीभोवती मात्र गोल, स्वच्छ कडं. खालची काच आरपार दिसत होती! अशी कडी तिने आयुष्यभर पाहिली होती, पण ती बाटलीबंद औषधांची. ही तर आपली जाई, रोज भांडी विसळलेलं पाणी पिणारी! "अगं बाई गं," एवढंच ती म्हणाली. डोळे भरून आले. एवढ्याशा पानात एवढा जीव, आणि आपणच तो चुलीवर घालवला!

मॅडमही कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कमाल आहे! पण ताटलीत झालं ते तोंडात होईलच असं नाही हं. डॉक्टरांना विचारा, मलम सोडू नका."

डॉक्टर म्हणाले, स्वच्छ धुऊन लावा, हरकत नाही. तिने पानं धुतली, वाटली, आणि हिरवंगार बोट स्वतः सासूबाईंच्या तोंडात फिरवलं. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

पानाने म्हणा, मलमाने म्हणा, दोन दिवसांनी सकाळी स्वयंपाकघरात हाक आली.

"मऊ भात कर गं थोडा. आणि वाटी उकळत बसू नकोस, मला भूक लागलीय."